आईचं "पित्त" निघालं पित्ताशयातले खडे. ऑपरेशन करावं की थांबावं?

मृण्मयी_वाई | ९ जून, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची. गेली दोन वर्षं तिला अधूनमधून "पित्त होतं", म्हणजे आम्ही सगळे तसंच म्हणत होतो. लग्नकार्याला जाऊन आली की रात्री दोन-अडीचला उठून बसते. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात कळ येते, मग उजव्या बरगडीखाली आणि मागे उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जाते. तासदोन तास ना बसवत ना आडवं होववत. पहाट झाली की दुखणं गायब, आणि आई अंगण झाडताना दिसते. मग कोण कशाला डॉक्टरकडे नेणार? थंड दूध, आवळा, कोकम सरबत, ॲसिडिटीची गोळी, झालं.

मागच्या महिन्यात भाच्याच्या मुंजीत बासुंदी-पुरी झाली. त्या रात्री तिच्या कपाळावर घाम बघून मी घाबरले. दोनदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली. पित्ताशयात अनेक खडे, सर्वांत मोठा १४ मिलिमीटर, पित्ताशयाची भिंत जाड नाही, मुख्य पित्तनलिका ५ मिलिमीटर.

एक डॉक्टर म्हणतात काढून टाका. दुसरे म्हणतात घाई नको, पुन्हा दुखलं तर बघू. शेजारच्या काकू म्हणतात पानफुटीची पानं चावून खायला द्या, त्यांच्या मिस्टरांचा खडा त्यानंच पडला. आई म्हणते, देवानं दिलेला अवयव कशाला काढायचा.

कुणाच्या घरी असं झालंय का? काय केलंत? आणि मला मनापासून वाटतं ते आधीच सांगते: "पित्त" या एका शब्दानं आमची दोन वर्षं घालवली.

दिगंत | ९ जून, रात्री १०.४०

काकूंच्या मिस्टरांना मूतखडा असणार. तो मूत्रमार्गातून पडतो. पित्ताशयातल्या खड्याला तो रस्ताच नाही.

सुलभा_कराड | ९ जून, रात्री ११.०५

पित्त या शब्दाबद्दल अगदी +१. आमच्याकडे आंबट ढेकर आले की पित्त, डोकं दुखून उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त (आणि त्यावर आमसुलाचं पाणी चोळायचं). सासूबाईंना तिन्ही "पित्तं" होती. खरं पित्ताशयाचं दुखणं चौथं निघालं.

फिजिशियन_मिरज | १० जून, सकाळी ६.५०

मृण्मयीताई, तुम्ही दुखणं इतकं नीट लिहिलंय की निम्मं निदान त्यातच आहे. सविस्तर लिहितो.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. पित्ताशयात मावतो जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. म्हणून पित्ताशय त्यातलं पाणी शोषून घेतं आणि रस पाच-दहा पट दाट करून साठवतं. जेवणातलं तूप-तेल लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्यानं पित्ताशय आवळतं आणि नळीच्या तोंडाशी असलेला स्नायूचा वळसा सैल होतो. या वळशाला ओडीचं नाव आहे. रुजेरो ओडी या इटालियन माणसानं १८८७ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा तो विद्यार्थी होता.

आता पित्ताशय आवळलं आणि त्याच क्षणी एखादा खडा त्याच्या मानेत जाऊन बसला, तर रस बाहेर पडत नाही आणि आत दाब वाढतो. हीच ती कळ. खडा घरंगळून मागे गेला की कळ थांबते. त्यामुळेच आई पहाटे ठणठणीत दिसतात. बासुंदी दुपारी खाल्ली तरी दुखणं बऱ्याचदा रात्री उठतं.

एक गोष्ट वाचून जीव कळवळला. तुम्ही थंड दूध देत होता. ॲसिडिटीत त्यानं क्षणभर बरं वाटतं. पण साय असलेलं दूध म्हणजे स्निग्ध पदार्थच. पोटात गेलं की पुन्हा तेच संप्रेरक, पुन्हा पित्ताशय आवळणार. मायेनं दिलेल्या त्या पेल्यानं कळ लांबलीही असेल. यात तुमची चूक नाही, घरोघरी हेच होतं.

खडे होतात कसे? कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तरसातले क्षार आणि लेसिथिन त्याला साबणासारखे धरून विरघळलेलं ठेवतात. कोलेस्टेरॉल जास्त झालं किंवा क्षार कमी पडले की, दाट पाक थंड झाल्यावर तळाशी कण धरतात ना, तसे स्फटिक धरतात. पित्ताशय आळशी असेल, रस नुसता साठून राहत असेल, तर त्या कणांना वाढायला वेळच वेळ.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: दोन डॉक्टर दोन गोष्टी बोलतात याचं कारण बहुधा असं की दुसऱ्यांना आधीच्या रात्रींबद्दल कुणी सांगितलंच नसेल. अजिबात त्रास नसताना, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले, तर बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. अशा शंभर जणांत वर्षाला एकदोघांना, फार तर चौघांना त्रास सुरू होतो. पण एकदा कळा यायला लागल्या की त्या पुन्हा पुन्हा येतात. आईंना त्रास आहे, नळी सध्या मोकळी आहे, वय ६१. माझं मत: सवडीनं, पण करून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना हा पूर्ण इतिहास सांगून पुन्हा विचारा.

कोकणी_मासा | १० जून, सकाळी ९.२०

मालवणातून लिहितोय. पित्त म्हणजे काय ते आम्हाला लहानपणीच कळतं. आई विळीवर मासा साफ करताना पोट चिरायची, आणि काळेजाला चिकटलेली ती हिरवी, करवंदाएवढी पिशवी नखानं अलगद सोडवायची. आम्ही मुलं श्वास रोखून बघायचो. फुटली तर त्या जागचं मांस कितीही धुवा, कडूच. एकदा माझ्या हातून फुटली. आई म्हणाली, "आता ह्यां कालवण तूच खा." खाल्लं. चव अजून जिभेवर आहे.

ओंकार_पुणे३० | १० जून, सकाळी ९.४५

कोकणी_मासा, माशाचं पित्त मधुमेहावर घेतात असं ऐकलंय. खरं का?

फिजिशियन_मिरज | १० जून, दुपारी १.३०

कृपा करून कुणी घेऊ नका. रोहू आणि त्याच्या जातीच्या माशांचं कच्चं पित्ताशय गिळून मूत्रपिंडं बंद पडल्याची उदाहरणं भारतात आहेत, डायलिसिसपर्यंत वेळ गेलेली. मासा खा, ती पिशवी फेकून द्या.

औषधीबाग | १० जून, दुपारी ३.१०

मी वैद्य आहे. आयुर्वेदातलं पित्त हा दोष आहे. पचन, उष्णता, दृष्टी, त्वचेचा वर्ण इतकं सगळं त्याच्याकडे येतं. पित्तरस नावाचा हिरवा-पिवळा द्रव म्हणजे तेवढंच पित्त नव्हे. बोलीभाषेत दोन्ही एकमेकांत मिसळले आणि घोळ झाला. पथ्य, वजन, जेवणाच्या वेळा यांत माझ्याकडून मदत होते. पण १४ मिलिमीटरचा कडक खडा काढा पाजून विरघळवतो असं मी कुठल्याही रुग्णाला सांगत नाही. ताप, कावीळ किंवा न थांबणारी कळ असेल तर मी स्वतः चिठ्ठी देऊन सर्जनकडे पाठवतो.

विनया_डोंबिवली | १० जून, दुपारी ४.००

वैद्यबुवा, इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

प्रसाद_निसर्गोपचार | १० जून, संध्याकाळी ७.१५

मी याच्याशी असहमत आहे. माझ्या मावशीनं ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस रात्री प्यायला, दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवे मऊ खडे पडले. मी डोळ्यांनी पाहिलेत. ऑपरेशनशिवाय होतं, करून बघायला काय हरकत?

रसायन_मास्तर | १० जून, रात्री ८.५०

प्रसाद, तुम्ही पाहिलंत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते मऊ होते हे तुम्हीच लिहिलंय. कपभर तेल पोटात गेलं की पाचकरस त्याची स्निग्धाम्लं करतात. लिंबाच्या रसातल्या पोटॅशियमशी त्यांची गाठ पडली की साबण तयार होतो, आणि पित्तरंगानं तो हिरवा दिसतो. दहावीच्या प्रयोगात आम्ही साबण करायचो, तीच गोष्ट. २००५ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय साप्ताहिकात अशाच एका रुग्णाचे "खडे" तपासल्याचं छापून आलं होतं. ४० अंशांना वितळले, कोलेस्टेरॉल नाही, तीनचतुर्थांश स्निग्धाम्लं. मावशींची पुन्हा सोनोग्राफी झाली का?

प्रसाद_निसर्गोपचार | १० जून, रात्री ९.३०

नाही झाली. या आठवड्यात करायला सांगतो.

फिजिशियन_मिरज | १० जून, रात्री १०.००

जरूर करा. आणि एवढं तेल एकदम पिणं म्हणजे पित्ताशयाला जोरात आवळायला लावणं. लहान खडा मुख्य नळीत ढकलला गेला तर कावीळ, आणि पुढे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ती जिवावर बेतते.

शिल्पा_न्यूजर्सी | ११ जून, पहाटे ५.२५

माझा अनुभव वेगळा. मला खडे झाले ते वजन कमी केल्यावर! तीन महिन्यांत १८ किलो उतरवले, सगळीकडून कौतुक, आणि मग बरगडीखाली कळ. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की चरबी झरझर वितळते तेव्हा यकृत जास्त कोलेस्टेरॉल पित्तात सोडतं. शिवाय मी दिवसदिवस उपाशी, जेवले तर उकडलेल्या भाज्या. पित्ताशयाला आवळायला कारणच नाही, रस नुसता साचून. मैत्रिणींनो, वजन उतरवा पण आठवड्याला अर्धा-एक किलोच्या बेतानं.

सुलभा_कराड | ११ जून, सकाळी ८.१०

म्हणजे चमचाभर तूप वरणभातावर हवंच तर! सासूबाईंना वाचून दाखवते, खूश होतील.

गुरुजी_अक्कलकुवा | ११ जून, सकाळी ११.४०

नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळेत शिकवतो. इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत. सातवीतला एक मुलगा, अंगानं काडी, तेलातुपाचं जेवण महिन्यातून एकदा. त्याच्या पित्ताशयात खडे निघाले. मला वाटायचं हा लठ्ठ माणसांचा आजार. डॉक्टरांनी समजावलं, सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि त्याचे लहान काळे खडे बनतात. कोलेस्टेरॉलचा संबंध नाही. डोळे पिवळसर असणं त्याच्या आजारात नेहमीचंच, त्यामुळे पोट दुखतं म्हणाला तरी कुणी लक्ष देत नव्हतं. शिक्षक मंडळींनी हे वाचलं तर बरं.

फिजिशियन_मिरज | ११ जून, दुपारी १.१५

गुरुजी, हे लिहिलंत ते फार मोलाचं. विदर्भात आणि सातपुड्यात काम करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

निवृत्त_सर्जन_नागपूर | ११ जून, रात्री ९.००

पूर्वी आम्ही उजव्या बरगडीखाली वीतभर चिरायचो. रुग्ण आठ-दहा दिवस दवाखान्यात, महिनाभर कामाला नाही. पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ च्या जुलैत केलं. त्यांचं म्हणणं होतं, नुसते खडे काढून भागत नाही, खडे तयार करणारी पिशवीच काढली पाहिजे. खडे उचलून पिशवी ठेवली तर पुन्हा खडे होतात, हे आजही तसंच आहे. दुर्बिणीतून पहिलं ऑपरेशन १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी केलं. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी. सरकारी रुग्णालयात, गरीब रुग्णांवर, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मृण्मयीताई, आईंना सांगा: पित्त यकृत बनवतं, पित्ताशय फक्त साठवतं. ते काढल्यावर रस थेंबथेंब आतड्यात येत राहतो आणि पचन चालतं. घोड्याला पित्ताशय नसतंच.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. पित्ताशयाची नळी आणि मुख्य पित्तनलिका अगदी शेजारी असतात. सूज असेल तर ओळखायला अवघड. हजारात तीन ते पाच जणांत मुख्य नळीला इजा होते आणि ती मोठी आपत्ती असते. म्हणून क्लिप लावण्यापूर्वी पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रोहिणी, स्वच्छ सुट्या दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर पोट उघडणं म्हणजे हार नव्हे. "गरज पडली तर उघडून कराल ना?" हे सर्जनला आधीच विचारा. शांतपणे हो म्हणणारा सर्जन निवडा.

आशुतोष_ठाणे | १२ जून, सकाळी ७.३०

दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो. माझं ऑपरेशन २०१९ मध्ये झालं. कळा थांबल्या, पण सात-आठ महिने जेवण झालं की लगेच शौचाला पळावं लागायचं. कुणी आधी सांगितलं नव्हतं, मी खचलो होतो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पाण्यात कालवून घ्यायची पूड दिली, तिनं आटोक्यात आलं. आता बरा आहे. ऑपरेशन करू नका असं नाही, पण विचारून घ्या.

फिजिशियन_मिरज | १२ जून, सकाळी ८.००

आशुतोष यांचं बरोबर आहे, हे आधी सांगायलाच हवं. काही जणांना जुलाब होतात, बहुतेकांचे आपोआप थांबतात. पित्तक्षारांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषले जाऊन यकृताकडे जातात, दिवसातून कितीतरी फेऱ्या होतात. जे मोठ्या आतड्यात निसटतात ते तिथे पाणी ओढतात. ती पूड त्यांना बांधून ठेवते.

हेमांगी_बेळगाव | १२ जून, सकाळी १०.२०

खडे विरघळवायची गोळीही असते ना? मी चौदा महिने घेतली. पाच-सहा मिलिमीटरचे खडे होते, गेले. तीन वर्षांनी पुन्हा झाले. मग काढून टाकलं.

निवृत्त_सर्जन_नागपूर | १२ जून, सकाळी ११.००

बरोबर. लहान, कोलेस्टेरॉलचे खडे आणि चालतं पित्ताशय असेल तरच ती गोळी लागू पडते. १४ मिलिमीटरला आशा कमी.

कीर्तनप्रेमी | १२ जून, दुपारी २.४५

थोडं अवांतर. गोरोचन म्हणजे गाईबैलाच्या पित्ताशयातला खडाच ना? आमच्या आजोबांच्या पूजेच्या डबीत पिवळा, हरभऱ्याएवढा तुकडा होता. सहाणेवर उगाळून गंध लावायचे.

औषधीबाग | १२ जून, दुपारी ३.३०

हो, तोच. गुरांमध्ये क्वचित सापडतो, म्हणून महाग, आणि म्हणून बाजारात नकली भरपूर.

सुनील_सोलापूर | १२ जून, रात्री ९.१०

एक विनंती. सगळं वाचून कुणी "वर दुखतंय म्हणजे खडे" असं समजू नका. माझ्या भावाला पोटाच्या वर दुखत होतं, घाम येत होता. घरच्यांनी पित्त म्हणून सोडा पाजला. तो हृदयविकाराचा झटका होता. भाऊ राहिला नाही. चाळिशीच्या पुढे असं दुखलं तर आधी ईसीजी.

मृण्मयी_वाई | १२ जून, रात्री ९.४०

सुनीलदादा, फार वाईट वाटलं वाचून. आईचा उद्याच ईसीजी काढते.

प्रसाद_निसर्गोपचार | १६ जून, संध्याकाळी ६.३०

मावशीची सोनोग्राफी झाली. खडे जसेच्या तसे आहेत. मास्तर, तुमचं बरोबर होतं. तिला सर्जनकडे घेऊन जातोय.

मृण्मयी_वाई | २१ जुलै, दुपारी ४.१५

उशीर झाला, माफ करा. आईचं ऑपरेशन ८ जुलैला झालं. ईसीजी चांगला होता. दुसऱ्या डॉक्टरांना सगळ्या रात्रींचा हिशेब लिहून दाखवला, तेव्हा तेही म्हणाले, हे आधी कळतं तर मीही काढायलाच सांगितलं असतं.

दुर्बिणीतून, चार छोटी छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी. पहिले दोन दिवस पोटापेक्षा उजवा खांदाच दुखला आणि आम्ही पुन्हा घाबरलो. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूला त्रास होतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं, असं नर्सताईंनी सांगितलं.

खडे बाटलीत दिले. आईनं वर्तमानपत्रावर ओतून मोजले, ४१. पैलू पडलेले, एकमेकांना घासून गुळगुळीत, मधाच्या रंगाचे. भाचा म्हणाला आजी, सागरगोटे! एक खडा अर्धा फुटला होता, आत मधोमधून कडेपर्यंत चकाकणाऱ्या रेषा. आई बराच वेळ तो हातात धरून बसली होती. मग म्हणाली, "एवढे होते, आणि मी आवळा चघळत होते."

सध्या साधं जेवण, तूप अर्धा चमचा. जुलाब नाहीत. काल रात्री मी दोन वाजता सवयीनं उठले. आई गाढ झोपली होती.

निवृत्त_सर्जन_नागपूर | २१ जुलै, संध्याकाळी ५.००

छान झालं. पित्ताशयाचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आठवणीनं घ्या. कितीही साधं वाटलं तरी तो बघितलाच पाहिजे.

रेवती_जळगाव | ३ नोव्हेंबर, रात्री ८.०५

जुना धागा वर काढतेय, माफ करा. यजमानांना तीन वर्षांपूर्वी खडे सांगितले होते, त्रास नव्हता म्हणून सोडून दिलं. परवापासून दुखतंय. आज दुपारपासून थंडी वाजून ताप, डोळे पिवळे दिसतायत, लघवी चहासारखी. उद्या सोमवार, सकाळी ओपीडीला न्यावं का? सासरे म्हणतात काविळीचं औषध देणाऱ्याकडे आधी जाऊ.

फिजिशियन_मिरज | ३ नोव्हेंबर, रात्री ८.१२

रेवतीताई, आत्ता, याच क्षणी निघा. सकाळची वाट बघू नका, काविळीच्या औषधाला तर अजिबात जाऊ नका. थंडी-ताप, कावीळ आणि दुखणं तिन्ही एकत्र म्हणजे खडा मुख्य नळीत अडकून तिथे जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता मोठी. रात्रीत प्रकृती ढासळू शकते. एंडोस्कोपीतून नळी मोकळी करण्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. जुना रिपोर्ट बरोबर घ्या. पोटात काही देऊ नका.

मृण्मयी_वाई | ३ नोव्हेंबर, रात्री ८.१५

रेवतीताई, सासऱ्यांना हा धागा दाखवत बसू नका, गाडी काढा. पोचलात की एक ओळ लिहा.

रेवती_जळगाव | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

त्याच रात्री नेलं. रक्तदाब खाली आला होता, लगेच सलाईन आणि इंजेक्शनं सुरू केली. काल तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढला, आत पू होता म्हणाले. नळी मोकळी राहावी म्हणून आत स्टेंट, म्हणजे बारीक नळकांडी, ठेवलाय. पित्ताशय प्रकृती सावरल्यावर काढणार आहेत. सासरे कालपासून बाहेरच्या बाकावरून हललेले नाहीत. डोळे अजून पिवळे आहेत, पण ताप उतरलाय. आत्ता मला हाक मारून यांनी चहा मागितला.